तीन नंबरची सरळ रेघ

तीन नंबरच्या क्रेनबद्दल तक्रार करायला कणभरही जागा नव्हती, आणि कानवालीला नेमकं तेच स्वस्थ बसू देत नव्हतं.

अकरा महिन्यांत बावीस नोंदी. पहिल्या दोन सोडल्या तर पुढच्या वीसही जवळजवळ सारख्या: बावीस, एकवीस, बावीस, बावीस. कागदावरची रेघ पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ. एक नंबर आणि दोन नंबर या क्रेनपेक्षा दहा वर्षांनी तरुण, तरी त्यांचे आकडे कधी अठ्ठावीस, कधी चौतीस, मधेच पुन्हा तीस. जिवंत यंत्राचं असंच असतं, आज थोडं कुरकुरतं, उद्या गप्प बसतं. ही म्हातारी मात्र वर्षभर एकदाही कुरकुरली नव्हती. कानवाली ती रेघ दिवसातून चारदा उघडून बघायची, मिटायची आणि पुन्हा उघडायची.

कानवाली हे नाव तिला धक्क्यावरच्या लोकांनी दिलेलं. तिचं कामच ऐकण्याचं होतं. बंदराच्या त्या धक्क्यावर तीन क्रेन होत्या. जहाजातला कोळसा पंजाने उचलायचा, गोल वळायचं आणि मागच्या ढिगावर सोडायचा, एवढंच त्या करत. पण क्रेनचा सगळा वरचा डोलारा, माणूस बसतो त्या केबिनीसकट, खालच्या एकाच जाड लोखंडी बेअरिंगवर फिरायचा. तीन मीटर रुंद कडं आणि त्यात मुठीएवढे रोलर. एक फेरा घ्यायला त्याला दीड मिनिट लागायचं. भरभर फिरणारं यंत्र बिघडलं की थरथरतं, ओरडतं, चार घरं पलीकडच्यालाही कळतं. एवढं सावकाश फिरणारं बेअरिंग मात्र थरथरत नाही. ते आतल्या आत तडकतं आणि एक दिवस सरळ हात वर करतं. तडकताना ते बारीक कण्हतं खरं, पण माणसाच्या कानाला पोचणार नाही अशा वरच्या पट्टीत. कानवालीच्या पेटीला ते ऐकू यायचं. बाटलीच्या झाकणाएवढा सेन्सर बेअरिंगला चिकटवायचा, क्रेनला रिकामे दोन फेरे मारायला लावायचे, आणि पेटीवर आलेला आकडा वहीत लिहायचा. आकडा जितका मोठा, तितकं कण्हणं जास्त. दर दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहाला.

यावरून तिची थट्टा व्हायची ती वेगळीच. ती कॅन्टीनमध्ये शिरली की कुणीतरी म्हणायचं, "हळू बोला रे, लोखंडाच्या पोटातलं ऐकते ही, तुमच्या पोटातलं काय ठेवणार!" तिच्या नवऱ्याला विचारायचे, "घरी तरी तुझं ऐकते का, की तिथेही आधी सेन्सर लावते?" नवरा हसून वेळ मारून न्यायचा. तो तीन नंबरचा ऑपरेटर होता. रोज आठ तास जमिनीपासून पंचवीस मीटर वर, काचेच्या केबिनीत.

आणि त्याच क्रेनला ग्रीस घालायचं काम तिच्या सासऱ्यांचं. एकतीस वर्षं ते हेच करत आले होते. मुलगा त्यांना बाबा म्हणतो म्हणून सगळा धक्काच त्यांना बाबा म्हणायचा, साहेबसुद्धा. पुढच्या महिन्याच्या शेवटी ते निवृत्त होणार होते. तीन नंबर उभी राहिली त्या दिवसापासून तिला त्यांच्याच हातचं ग्रीस मिळालेलं. "ती माझी थोरली," असं ते म्हणायचे, आणि मुलगा म्हणायचा, "हो, आणि मी तिच्या पाठीवर बसणारा धाकटा."

म्हणजे एकाच घरातले तिघं एकाच यंत्राला लागले होते. एक त्याच्यावर बसायचा, एक त्याला खाऊ घालायचा आणि एक त्याची नाडी बघायची. यात अभिमान वाटण्यासारखं पुष्कळ होतं. रविवारी दुपारपर्यंत तिला तसा वाटतही होता.

रविवारी दुपारी नवरा डगमगणाऱ्या खुर्चीचा पाय बसवत होता. स्क्रू दातात धरूनच तो म्हणाला, "तीन नंबर हल्ली डावीकडे वळताना एका जागी जरा विचार करते."

"विचार करते म्हणजे?"

"अडत नाही गं. पण एक क्षण थबकते. डोळ्यांना नाही दिसत, पाठीला कळतं."

"कधीपासून?"

"झाले असतील पंधरा-वीस दिवस."

"आणि मला आत्ता सांगतोस?"

त्याने स्क्रू तोंडातून काढला आणि तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं. "तुझी पेटी म्हणते ना सगळं ठीक आहे? मग माझ्या पाठीचं काय घेऊन बसायचं? मी तर तुझ्या भरवशावर वर चढतो."

एवढं बोलून त्याने खुर्ची सरळ केली आणि तिच्यावर बसून दाखवलं. खुर्ची डगमगली नाही. तो खूश झाला. ती मात्र स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी नुसतीच उभी राहिली. आपण आत कशासाठी आलो ते तिला आठवेना. 'तुझ्या भरवशावर' हे तो किती सहज बोलून गेला होता.

सोमवारी ती साहेबांच्या खोलीत गेली. तीन नंबरची एक जादा तपासणी करायची आहे, म्हणाली. बेअरिंग उघडून बघता आलं तर फारच बरं.

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. "मॅडम, आकडे वाईट आले म्हणून लोक माझ्याकडे येतात. चांगले आले म्हणून रडत आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"फार चांगले आहेत, साहेब. एवढे चांगले नसायला हवेत."

"मग बाबांना शाबासकी द्या. ग्रीस घालावं तर त्यांनीच."

"ऑपरेटर म्हणतोय, एका जागी थबकते."

"ऑपरेटर म्हणजे तुमचे मिस्टर ना?" साहेब हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. "जहाज धक्क्याला लागलंय. गुरुवारी सुटलंच पाहिजे. मी वर काय कळवू, आमच्या ऑपरेटरची पाठ दुखते म्हणून क्रेन बंद? उद्या तुमची नेहमीची नोंद आहेच. तीत काही निघालं तर बोलू."

मंगळवारी दहा वाजता तिने सेन्सर लावला. बावीस. सेन्सर काढून हातभर पुढे लावला. एकवीस. विरुद्ध बाजूला लावला. पुन्हा बावीस. वरून वॉकीटॉकीवर नवऱ्याचा आवाज आला, "काय म्हणते आमची थोरली?"

"ठीक आहे म्हणते."

आकडा समोर लखलखीत दिसत होता, तरी आपण खोटं बोललो असंच तिला वाटलं. खाली उतरताना तिची पायरी चुकली आणि गुडघा खरचटला.

घरी कामाचे कपडे धुवायचं काम आळीपाळीने असायचं. त्या मंगळवारी पाळी तिची होती. मोठ्या टबात गरम पाणी आणि सोडा घालून बाबांची डांगरी बुडवण्याआधी तिने सवयीने खिसे चाचपले. उजव्या खिशात ग्रीसने माखलेली चिंधी निघाली. निघायचीच. बाबांना चिंधी फेकवत नसे. ती नेहमी ओरडायची, ते नेहमी 'राहिली वाटतं' म्हणायचे.

आज तिने ती टाकली नाही. ग्रीस निळं होतं. निळं ग्रीस फक्त क्रेनच्या फिरत्या बेअरिंगला वापरत, बाकी सगळ्या धक्क्याला तपकिरी. आणि त्या बेअरिंगांना ग्रीस घालायचा दिवस शनिवार होता. तक्ता ऑफिसच्या भिंतीवरच लागलेला होता, तीच तर दर नोंदीच्या वेळी त्यातून 'शेवटचं ग्रीस: शनिवार' असं उतरवून घ्यायची. मग मंगळवारी बाबांच्या खिशात निळं ग्रीस कुठून आलं?

तिने पाणी बंद केलं. गेल्या वेळच्या तिच्या धुण्यातही चिंधी होती. त्याआधीही. तेव्हा वार कोणता होता? ती ओट्यावरच्या कॅलेंडरपाशी जाऊन ओल्या बोटाने मोजू लागली. कपड्यांचा वार नक्की आठवेना, पण एकदा नोंदीची वही डांगरीखाली भिजली होती, म्हणजे तो तरी मंगळवारच. कॅलेंडरवर पाण्याचे डाग पडले.

मग तिने चिंधीवरचं ग्रीस चिमटीत घेऊन चोळलं. चांगलं ग्रीस लोण्यासारखं सरकतं. यात बारीक वाळूसारखं काहीतरी बोटाला लागलं. बोट दिव्याखाली धरलं, तर निळ्या-काळ्या लेपात चांदीसारखी कच चमकत होती. ते लोखंड होतं. बेअरिंगचं स्वतःचं.

म्हणजे कुणीतरी नोंदीच्या आधी बेअरिंगमध्ये ताजं ग्रीस भरत होतं. ताज्या ग्रीसचा जाड थर मधे आला की लोखंड लोखंडाला भिडत नाही, आणि काही तास ते कण्हतही नाही. नव्या ग्रीसने बाहेर ढकललेलं जुनं, लोखंडाची कच मिसळलेलं ग्रीस मग कुणीतरी स्वच्छ पुसून नेत होतं. पेटीला काही ऐकू येत नव्हतं आणि डोळ्यांना काही दिसत नव्हतं. तिच्या सरळ रेघेचं रहस्य तिच्या हातात होतं, आणि ते बाबांच्या खिशातून निघालं होतं.

बाहेरच्या खोलीत बाबा रेडिओ लावून खुर्चीतच पेंगत होते. ती दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. हा माणूस लपवतोय? कशासाठी? महिनाभराने जायचं आहे, थोरलीच्या नावाला बट्टा नको, म्हणून? आणि तिच्या पाठीवर कोण बसतं हे यांना ठाऊक नाही? तिला इतका राग आला की हातातली चिंधी त्यांच्या मांडीवर टाकावीशी वाटली. आणि लगेच त्या रागाची लाजही वाटली, कारण लग्नानंतरच्या तिच्या पहिल्या तापात रात्रभर उशाशी बसलेला माणूस हाच होता.

सकाळी चहाच्या वेळी तिने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "बाबा, काल सकाळी तीन नंबरकडे गेला होतात का?"

"मी? मी कुठे जात नाही ते विचार," बाबा म्हणाले आणि कपात बघून स्वतःशीच हसले.

ते हसू तिला सुरीसारखं लागलं. नवरा समोरच होता, म्हणून तिने पुढे विचारलं नाही. चहा तसाच टाकून ती उठली.

फाटकापाशी तिने नवऱ्याला बाजूला घेतलं. "आज जेवणाच्या सुट्टीत मला दहा मिनिटं दे. रिकामा पंजा, दोन फेरे. आणि तोवर पंजा अर्धाच भर."

"कालच तर झालं की सगळं!"

"मला आज हवंय. एक दिवस काम झालं की कालचं ग्रीस दाबलं जातं. आज ती खरं बोलेल."

"साहेबांना विचारलंस?"

"नंतर सांगेन."

"बाबांशी काही बिनसलंय का तुझं?"

"दहा मिनिटं देतोस का नाही?"

तो काहीतरी गमतीचं बोलणार होता, ते त्याने गिळलं. "देतो," म्हणाला. सकाळभर ती ऑफिसच्या खिडकीतून मोजत राहिली. पंजा अर्धाच भरत होता. प्रत्येक वेळी क्रेन डावीकडे वळली की वळण पूर्ण होईपर्यंत ती खिडकीशी उठून उभी राहायची. बारा वाजेपर्यंत तिने काडीचंही काम केलं नाही.

सुट्टीची घंटा झाली. धक्का रिकामा झाला. ती पेटी खांद्याला लावून तीन नंबरच्या शिडीला भिडली आणि बेअरिंगपाशी, अरुंद कठड्यावर पोचली. सेन्सर लावून वॉकीटॉकीवर 'फिरव' म्हणणार, तोच खालून आरोळी आली.

"अगं सूनबाई! थांब! थांब म्हणतो ना!"

बाबा कॅन्टीनकडून धावत येत होते. एका हातात ग्रीसगन, दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला घास. एकसष्ट वर्षांचा माणूस शिडी दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. धाप इतकी लागलेली की कठड्याला धरून त्यांना आधी श्वास घ्यावा लागला.

"आज कशी आलीस? सांगायचं तरी! माझं काहीच आवरलेलं नाही!"

"काय आवरायचं असतं, बाबा?"

"हिला." त्यांनी बेअरिंगवर थाप मारली. "दर वेळी तू यायच्या तासभर आधी मी हिला पोटभर ग्रीस देतो, तोंड पुसतो, चकचकीत करून ठेवतो. पाहुणे यायच्या आधी घर नाही का आवरत आपण? हो बाजूला, चार झटके मारतो, मग ऐक खुशाल."

त्यांनी ग्रीसगन पुढे केली. तिने गनच्या तोंडावर हात ठेवला. निळं ग्रीस तळव्याला माखलं.

"कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला?"

"सांगायला कशाला हवं? तुझं ते पहिल्या महिन्यातलं विसरलीस?" बाबांचा आवाज खाली आला, जणू तीन नंबरने ऐकू नये. "आकडा जास्त आला म्हणून साहेबाने चार लोकांत तुला उभं करून विचारलं. हिला काही कळत नाही, म्हणाले सगळे. घरी येऊन तू जेवली नाहीस. म्हणालीस, माझा आकडा खाली आला ना, तरच मी इथे टिकेन. आठवतंय? मग मी ठरवलं, माझ्या हातात असेपर्यंत माझ्या क्रेनपायी माझ्या सुनेला खाली मान घालू देणार नाही. सांगितलं नाही तुला. घरातल्या घरात काय सांगायचं?"

आठवत होतं. शब्दन् शब्द आठवत होतं. पहिले दोन आकडे तेहेतीस आणि चौतीस. त्या रात्री ताटावर ती रडत बोललेलं वाक्य. आणि तिसऱ्या नोंदीला अचानक बावीस. तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता! आकडा का उतरला हे विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. लोखंडाचं ऐकण्यासाठी पगार घेणारी बाई स्वतःचं ताटावरचं बोलणं विसरली होती, आणि घरातल्या एका माणसाने ते मनापासून ऐकून ठेवलं होतं. रात्रभर तिने त्यांना चोर ठरवलं होतं. आता त्यांच्यावर ओरडावं की त्यांच्या पाया पडावं हे तिला कळेना, आणि दोन्हीला वेळ नव्हता.

"आज आवरायचं नाही, बाबा," ती म्हणाली. "आज पाहुण्यांना तसंच येऊ दे." आणि वॉकीटॉकीवर, "फिरव. अगदी सावकाश."

क्रेन हलली. डोक्यावरचा सगळा डोलारा संथपणे वळू लागला. बाबांना काही ऐकू येत नव्हतं. वारा, पाण्याचा आवाज आणि मोटरची घुरघुर एवढंच. त्यांचा चेहरा अजून रुसलेलाच होता. पेटीवर आकडा सव्वीस झाला, तीस झाला, तीसवरच रेंगाळला. मग एका जागी तो एकदम एक्कावन्नवर उडाला आणि खाली आला. दुसऱ्या फेऱ्यात त्याच जागी त्रेपन्न.

डावीकडच्या वळणावर. नवऱ्याच्या पाठीला कळत होतं तिथेच.

तिने हेडफोन स्वतःच्या कानावरून काढला आणि बाबांच्या कानावर बसवला. पेटी वरच्या पट्टीतला आवाज उतरवून माणसाला ऐकू येईल असा करून देते. "अजून एक फेरा," तिने वर सांगितलं.

बाबा ऐकू लागले. आधी त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, नव्या खेळण्याकडे बघावं तसे. नुसती खरखर होती. मग ती जागा आली. बाबांचे खांदे दचकून वर गेले. त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानाशी घट्ट दाबला. आत काहीतरी तडतडत होतं, वाळलेल्या काटक्या कुणी गुडघ्यावर मोडाव्यात तसं.

"हे काय आहे?"

"तीन नंबर आहे, बाबा."

"माझी?"

"तुमचीच. आत तडा गेलाय. कधीपासून ते मला सांगता येणार नाही. वर्षभर आपण दोघांनी मिळून तिचं तोंड दाबलंय."

बाबांनी मान वर केली. पंचवीस मीटरवर काचेच्या केबिनीत त्यांच्या मुलाचे बूट दिसत होते. तो वाकून खाली हात हलवत होता. त्याला भूक लागली असावी. बाबांच्या हातातली ग्रीसगन कठड्यावर आपटली आणि तिथेच पडून राहिली. त्यांनी सुनेच्या हातून वॉकीटॉकी ओढून घेतला.

"थांबव," ते म्हणाले. "पंजा जमिनीला टेकव आणि उतर खाली."

"बाबा? तुम्ही तिथे काय करताय? अहो, तिचे फेरे अजून..."

"उतर म्हणतो ना!" बाबा असे ओरडले की धक्क्याच्या टोकाशी जेवत बसलेली माणसं उभी राहिली. "उतर रे बाळा. हळू उतर. शिडीला धरून."

तीस वर्षांच्या माणसाला सगळ्या धक्क्यादेखत कुणी बाळा म्हणालं तर तो एरवी चिडला असता. तो मुकाट उतरला. त्याला यायला चार मिनिटं लागली. तोवर बाबांनी बेअरिंगवरचा हात काढला नाही. नवरा कठड्यावर पोचताच बाबांनी त्याचा दंड असा पकडला की ग्रीसची पाच बोटं त्याच्या बाहीवर उमटली.

ऑफिसात तिने अहवालाचा कागद पुढे ओढला. आकडे लिहिले, जागा लिहिली, क्रेन बंद ठेवावी असं लिहिलं. मग 'शेवटचं ग्रीस' हा रकाना आला. तेवीस वेळा तिने तिथे भिंतीवरच्या तक्त्यातून 'शनिवार' उतरवलं होतं. ज्याच्या हाताने ग्रीस जायचं, त्याला तिने एकदाही विचारलं नव्हतं. तिचं पेन तिथे अडलं.

बाबा समोरच्या स्टुलावर बसले होते. "लिही ना," ते म्हणाले.

"बाबा, तुमचा एक महिना राहिलाय."

"म्हणून काय झालं? लिही, दर नोंदीच्या आधी तासभर. कुणी, ते पण लिही."

"मीच विचारायला हवं होतं. ते आधी लिहिते."

"दोन्ही लिही," बाबा म्हणाले. "जागा पुष्कळ आहे कागदावर."

तिने दोन्ही लिहिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि फोन उचलला. जहाज गुरुवारी सुटलं नाही. नऊ दिवसांनी डोलारा उचलून बेअरिंग उघडलं, तेव्हा खालच्या कड्याला वीतभर तडा होता आणि शेजारचे तीन रोलर पार खाल्लेले. ते बघायला सगळा धक्का लोटला. बाबा गेले नाहीत. मी ऐकलंय ते, म्हणाले.

पुढच्या मंगळवारी एक नंबरची नोंद होती. तीन नंबर बंद असल्याने नवऱ्याला आता एक नंबरवर बसायचं होतं. ती बेअरिंगपाशी कठड्यावर सेन्सर लावून उभी होती, आदल्या पाळीचा ऑपरेटर वर रिकामे फेरे मारत होता आणि नवरा हेल्मेट काखेत धरून शिडीच्या पायथ्याशी उभा होता. त्याच्या शेजारी खालच्या पायरीवर बाबा बसले होते. ग्रीसगन भरलेली होती. ती त्यांनी मांडीवर आडवी ठेवून दोन्ही हातांनी धरली होती.

पहिला फेरा झाला. एकोणतीस. दुसरा झाला. तीस.

"जाऊ वर?" नवऱ्याने खालून विचारलं. यापूर्वी त्याने असं कधी विचारलं नव्हतं.

"थांब," ती म्हणाली. आकडा चांगला होता. तिचा मात्र त्या चांगल्या आकड्यावर अजून विश्वास बसत नव्हता. "बाबा, आज सकाळी काही घातलंत का?"

"थेंबसुद्धा नाही. शनिवारनंतर हात लावलेला नाही. तोंड बघ तिचं, कसं काळं झालंय."

तिने वाकून पाहिलं. कडेला जुनं ग्रीस जमलं होतं. तिने बोटाने थोडं काढून चोळलं. ते नुसतं सरकलं. तरी तिने आणखी एक फेरा मागितला. वरचा ऑपरेटर कंटाळून काहीतरी बडबडला. खाली बाप आणि मुलगा माना वर करून तिच्याकडे बघत होते. ती डोळे मिटून पूर्ण दीड मिनिट ऐकत राहिली.

"जा," ती म्हणाली.

नवरा चढू लागला. तो तिच्या जवळून वर गेला तेव्हाही तिने हेडफोन काढला नव्हता.

खालून बाबांनी विचारलं, "गेले का पाहुणे? आवरू आता?"